साउंडहोल पिकअप: बसतो भोकात, ऐकतो तार

अकूस्टिक गिटारसाठी पिकअप, म्हणजे तिचा आवाज अँपपर्यंत पोचवणारं उपकरण, घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात साधारण एवढंच सांगितलं जातं: सॅडलखालचा (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा) हवा असेल तर गिटार ठेवून जा, साउंडहोलचा (पेटीच्या गोल भोकात बसणारा) घेतलात तर आत्ता स्क्रू आवळून देतो. गिऱ्हाईक साउंडहोलचा घेऊन घरी येतं, अँपला जोडतं, आणि पहिला कॉर्ड वाजवल्यावर विचारतं, माझ्या गिटारचा आवाज कुठे गेला?

हा प्रश्न नावातून उभा राहतो. साउंडहोल पिकअप म्हटल्यावर वाटतं, भोकातून बाहेर पडणारा आवाज हा दारातच बसून टिपत असणार. प्रत्यक्षात तो आवाज त्याला ऐकूच येत नाही. त्याच्या आत चुंबक आहे आणि चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉईल. वरून जाणारी पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉईलमध्ये वीज उमटते. पेटीत घुमणारी हवा, वरच्या पाटीचं स्प्रूस, मागचं रोझवुड यांतलं जे तारेच्या हालचालीत उतरतं तेवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर तो पूर्ण गप्प बसतो. बसण्याच्या जागेवरून त्याला नाव मिळालं, आणि खरेदीचे बहुतेक चुकीचे निर्णय तिथूनच सुरू होतात.

जागेचं हे नाव पिकअपच्या जन्माइतकं जुनं नाही, पण त्याच्या पाठोपाठ आलं. चुंबकीय पिकअप 1931-32 मध्ये लॉस एंजेलिसला मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारवर आला. ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं आणि ड्रम यांच्या वाद्यवृंदात गिटार ऐकू येत नव्हती, एवढं एकच कारण होतं. त्या दशकाच्या शेवटी ओहायोतल्या टोलेडो शहरातून हातातल्या गिटारवर नंतर बसवायचे सुटे पिकअप विकले जाऊ लागले. गोल भोकाच्या गिटारसाठी वेगळा, व्हायोलिनसारख्या एफ-होलच्या गिटारसाठी वेगळा. तेव्हा ही विभागणी सोयीची होती, कारण बाजारात चुंबकाखेरीज दुसरं जवळजवळ काही नव्हतं. पुढे पिएझो (दाबातून वीज उमटवणारा पिकअप) आला, माइक आला, तरी जुनं नाव टिकलं.

पन्नाशीच्या दशकात कारखान्यांनी ठरवलं की पिकअप गिटारमध्येच बसवून विकायचा, आणि हा निर्णय आजही वादाचा आहे. 1954 मध्ये मिशिगनमधल्या कॅलमाझूहून गिब्सनची जे-160ई ही गिटार बाजारात आली. फ्रेटबोर्ड (तारा दाबायची पट्टी) संपतो तिथे, साउंडहोलच्या काठाला पिकअप, आणि वरच्या पाटीतच व्हॉल्यूम-टोनची बटणं. फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणारी शिट्टी) आवरायला पाटीच्या आतल्या आधारपट्ट्या शिडीसारख्या आडव्या घातल्या आणि लवकरच पाटीही प्लायवुडची केली. म्हणजे स्टेजवर शिट्टी वाजू नये म्हणून पाटीचं हलणंच कमी केलं, आणि स्टेजबाहेर गिटार मंद झाली. तरी 1962 मध्ये लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडने अशा दोन गिटार घेतल्या, आणि 1964 च्या त्यांच्या एका रेकॉर्डच्या सुरुवातीला मुद्दाम ठेवलेला फीडबॅक याच मॉडेलचा आहे.

1959 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या जुन्या कारखान्यानेही तोच मार्ग धरला. डी-18 आणि डी-28 या त्यांच्या नावाजलेल्या मॉडेलांच्या पुढे ‘ई’ लागला, पाटीत बटणांसाठी भोकं पडली आणि टोलेडोचे दोन-दोन पिकअप बसले. चांगल्या स्प्रूसच्या पाटीला हे करायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअप चुंबकीय होता, त्याला पाटीशी देणंघेणं नव्हतं. तो भोकात अडकवला असता तरी तेच ऐकू आलं असतं. या गिटार फार काळ चालल्या नाहीत.

त्यांतली एक मात्र नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या एका चित्रीकरणात जगाने पाहिली. कार्यक्रमाचं नाव ‘अनप्लग्ड’. सिएटलच्या निर्वाणा या बँडच्या गायकाच्या हातात 1959 ची डी-18ई होती, तिच्या साउंडहोलमध्ये आणखी एक चुंबकीय पिकअप नंतर बसवलेला होता, आणि सिग्नल आवाज बदलणाऱ्या पेडलांमधून गिटार अँपमध्ये जात होता. 2020 मध्ये ती गिटार लिलावात 60 लाख डॉलरला गेली. त्या रात्रीचा आवाज कित्येकांना अकूस्टिक गिटारचा आदर्श वाटतो. खरं तर त्यात तारेचा, चुंबकाचा आणि अँपचा वाटा मोठा आहे. तो आवाज आवडत असेल तर साउंडहोल पिकअपच घ्यावा, आणि तो ‘लाकडासारखा’ वाजावा ही अपेक्षा सोडावी.

आता तारांबद्दल, आणि इथे जरा थांबायला हवं. पाकिटावर ‘ब्राँझ’ लिहिलेलं असतं. ज्याला 80/20 ब्राँझ म्हणतात त्यात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त असतं. तांबं आणि जस्त म्हणजे पितळ, हे आपल्याकडे तांबट आळीतलं पोरही सांगेल. कांशात कथील लागतं. ते खरोखर असतं फॉस्फर ब्राँझमध्ये, आणि त्या तारा गिटारसाठी 1974 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका तार-कारखान्याने आणल्या. नाव पितळेला दिलेलं असो वा कांशाला, चुंबकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. चुंबकाला यांतलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आतला पोलादी गाभा.

याचा परिणाम पहिल्याच कॉर्डला कळतो. अकूस्टिक गिटारच्या सहा तारांपैकी पहिल्या दोन साध्या पोलादी आणि बाकीच्या चार वेष्टनाच्या. हलक्या सेटमध्ये दुसरी, म्हणजे बीची तार 0.016 इंच जाड असते आणि ती सगळी पोलाद असते. तिसरी तार बोटाला तिच्याहून बरीच जाड लागते, पण वेष्टन काढलं तर आतला गाभा दुसरीपेक्षा बारीक निघतो. त्यामुळे चुंबकाच्या हिशेबात तिसरी दुबळी आणि दुसरी दांडगी. आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवताना एकच तार पुढे येऊन ठणठणते ती हीच. वादक उजव्या हाताला दोष देत राहतो, क्लासमधले शिक्षकही देतात. दोष हाताचा नसतो.

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप निकेल किंवा पोलादी वेष्टनाच्या तारा धरून घडवलेले असतात. त्याच घडणीचा पिकअप ब्राँझच्या तारांखाली ठेवला की ही तफावत उघडी पडते. निर्मात्यांनी वेगवेगळे तोडगे काढले: दुसऱ्या तारेखालचा चुंबकाचा खांब खाली ठेवणं, प्रत्येक तारेसाठी वर-खाली होणारा स्क्रू देणं, किंवा खांबांची उंची कारखान्यातच ब्राँझच्या सेटला जुळवणं. म्हणून विकत घेताना ‘सिंगल कॉईल की हंबकर’ (एक कॉईल, की विजेची घरघर मारणाऱ्या दोन) याच्याही आधी ‘खांब वेगवेगळे फिरतात का’ हे विचारावं. फिरत नसतील तर आपल्या गिटारवर, आपल्या नेहमीच्या तारांवर दुसरी आणि तिसरी तार आलटून पालटून वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निकेल वेष्टनाच्या तारा लावल्या तर समतोल सुधारतो, पण गिटार अँपशिवाय वाजवताना ती ब्राँझची झळाळी जाते. दोन्हीपैकी काय जास्त वाजवता, त्यावर ठरवावं.

दरम्यान बाजार दुसरीकडे वळला होता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कनेक्टिकटमधल्या, हेलिकॉप्टरच्या कामातून पुढे आलेल्या एका कंपनीने सॅडलखाली पिएझो बसवला, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी जपानी कारखान्यांनीही आपापले पिएझो आणले. पिएझो दाब ओळखतो, त्याला तार कशाची आहे याची पर्वा नाही, नायलॉनही चालतं. जोरात वाजवल्यावर मात्र तो प्लास्टिकसारखा टरटरतो. हा दोष खटकणारे वादक त्याच काळात चुंबकाकडे परत आले. कॅलिफोर्नियात बनलेले दणकट, स्क्रू फिरवता येणारे साउंडहोल पिकअप बोटांनी तारा छेडणाऱ्या फिंगरस्टाइलवाल्यांनी घेतले आणि काहींनी थापेसाठी पेटीला दुसरा चिकटवायचा पिकअप जोडला. तार एकाकडून, लाकूड दुसऱ्याकडून. मला ही वाटणी आजही सर्वांत प्रामाणिक वाटते.

1980 च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि जड पिकअप हलके झाले. 1990 च्या दशकात त्यांत घड्याळाच्या बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा छोटा प्रीअँप बसला. पुढच्या दशकात आणखी एक पाऊल पडलं: घरघर घालवण्यासाठी असलेली दुसरी कॉईल लवचिक ठेवायची, म्हणजे पेटी हलली की तीही हलेल आणि लाकडाची थापही आवाजात येईल. घरी बसून ऐकलं तर हे खरंच सुंदर वाजतं. पण चुंबकीय पिकअपची स्टेजवरची मोठी ताकद हीच होती की पेटीच्या हलण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि म्हणून तो उशिरा शिट्टी मारायचा. ते लक्ष त्याला दिलं की फीडबॅकही थोडा परत आला. जाहिरातींनी या बदलाला सरळ प्रगती म्हटलं. मला ती अदलाबदल वाटते.

आपल्याकडच्या मंचावर ही अदलाबदल महाग पडते. सुगम संगीताच्या किंवा गझलच्या कार्यक्रमात गिटारच्या शेजारी तबल्याचे दोन माइक उघडे असतात, हार्मोनियमचा एक, आणि मॉनिटर गायकाच्या मर्जीने वाढलेला. गिटारच्या पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमते, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच भागात येतो. लाकूड ऐकणारा पिकअप इथे घों घों करायला लागतो. तारच ऐकणारा शांत राहतो. साउंडवाल्याला एवढंच सांगावं की 100 च्या आसपास थोडं कापा, दुसरं काही करू नका.

घरघरीचा प्रश्न मात्र चुंबकाचा स्वतःचा आहे. मांडवात अर्थिंग धड नसतं, दिव्यांचे डिमर शेजारीच असतात, आणि 50 हर्ट्झची वीज सिंगल कॉईलमध्ये शिरते. दोन कॉईल उलट्या जोडून ही घरघर मारायची युक्ती गिटारमध्ये रुजवली तीही कॅलमाझूनेच, 1950 च्या दशकात. गणपतीत, लग्नात, हॉटेलात वाजवणाऱ्याने सिंगल कॉईल घेऊच नये, त्याचा आवाज कितीही मोकळा वाटला तरी.

बॅटरी नसलेला पिकअप घेतला तर तो मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट लावू नये. तिथला रोध साधारण 10 किलोओहम असतो, आणि असा पिकअप त्या ओझ्याखाली बोथट वाजतो. त्याला 1 मेगाओहमच्या जवळचा डीआय बॉक्स (पिकअप आणि मिक्सर यांची जुळवणी करणारी डबी) हवा. केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, लांबीबरोबर वरचे स्वर गळतात.

बसवताना पिकअप फ्रेटबोर्डच्या बाजूला सरकवला की आवाज गोल होतो, ब्रिजच्या बाजूला सरकवला की टोकदार. बहुतेक गिटारवर चोविसाव्या फ्रेटची जागा भोकावरच येते, म्हणजे ब्रिजपासून तारेचा बरोबर चौथा हिस्सा, आणि मोकळ्या तारेचा चौथा सुरांश (मूळ सुराच्या चौपट कंपनांचा) तिथे जवळजवळ हलतच नाही. तेवढी जागा टाळून मिलिमीटरभर पुढे-मागे ऐकून पाहावं. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबल्यावरही त्या पिकअपला टेकू नयेत. स्क्रूच्या पकडीखाली नमदा किंवा बूच असलाच पाहिजे, कारण भोकाच्या काठाचं लाकूड नाजूक असतं, आणि पावसाळ्यात फुगलेल्या पाटीवर आवळलेला स्क्रू हिवाळ्यात ढिला होतो.

उरतो वायरचा प्रश्न, म्हणजे 1959 चाच प्रश्न. वायर भोकातून लोंबती ठेवायची, की खालच्या पट्ट्याच्या खुंटीच्या जागी सुमारे 12 मिलिमीटरचं भोक पाडून जॅक बसवायचा? महिन्यातून एकदा वाजवणाऱ्याने वायर पट्ट्याला एक वेढा देऊन बांधावी आणि गिटारला हात लावू नये. आठवड्याला दोन कार्यक्रम असतील तर जॅक बसवावा. तिथे आत भक्कम लाकडी ठोकळा असतो, पाटीला इजा होत नाही, आणि पुढे विचार बदलला तर जाड खुंटीने ते भोक झाकता येतं. वरच्या पाटीत मात्र कुणालाही ड्रिल लावू देऊ नये.