सापाच्या काचपेटीतील ऊब

पाळीव साप ज्या काचेच्या पेटीत ठेवतात तिला टेरेरियम किंवा व्हिव्हेरियम म्हणतात. या पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार राखणे हा सर्पपालनाचा पाया आहे. साप अनियततापी प्राणी आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. उन्हात पडून, तापल्या दगडाखाली शिरून किंवा बिळात सरकून तो शरीराचे तापमान सांभाळतो. अमेरिकेतील रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवर अभ्यास करून १९४४ साली हे सविस्तर मांडले. पेटीतल्या सापाची ये-जा मात्र दोन-चार फुटांतच संपते. म्हणून सगळी पेटी सारखीच तापवणे हे ती गार ठेवण्याइतकेच घातक, कारण नकोशा उष्णतेपासून सरकायला जागाच उरत नाही.

प्राणिसंग्रहालयांत ही समज लवकर आली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ साली खुल्या झालेल्या सर्पगृहात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे तापमान राखणारी विजेची सोय होती. त्याची आखणी तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख जोन प्रॉक्टर यांनी केली होती.

घरगुती पालनात सर्वाधिक दिसणाऱ्या जातींपैकी एक म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. त्याच्या पेटीत उबदार बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजू २४ ते २७ अंश ठेवतात. आग्नेय अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकला दोन्हीकडे थोडे कमी चालते. दोन्ही टोकांना लपायला आडोसा हवाच. एकच आडोसा असेल, तर बुजरा साप ऊब सोडेल पण आडोसा सोडणार नाही. खाल्ल्यानंतर ऊब मिळाली नाही तर पचन रेंगाळते आणि गिळलेला उंदीर साप ओकून टाकतो. दीर्घकाळ गारठा राहिला तर श्वसनाचे विकार बळावतात.

काच लाकडापेक्षा कितीतरी लवकर उष्णता बाहेर सोडते. त्यातून वरचे झाकण जाळीचे असेल तर गरम हवा आणि दमटपणा दोन्ही निघून जातात, आणि मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते. थंड प्रदेशात पेटीच्या मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोल लावतात आणि दिव्यापासून दूरची जाळी झाकतात.

उष्णता देण्याची साधने अनेक आहेत. हॅलोजन दिवा वरून उन्हासारखी ऊब देतो, म्हणून दिवसासाठी तो उत्तम. सिरॅमिक हीटर उजेड न देता तापतो, त्यामुळे रात्री सोयीचा. त्याचा पृष्ठभाग मात्र इतका तापतो की पेटीच्या आत बसवल्यास भोवती जाळीचा पिंजरा लागतोच, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. काचेखाली चिकटवायची हीट मॅट स्वस्त व लोकप्रिय आहे. ती जमीन तापवते, हवा फारशी नाही. तिच्याखाली हवा खेळती नसेल तर उष्णता कोंडून काच तडकू शकते. पेटीत ठेवायचे विजेचे ‘गरम दगड’ टाळावेत.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेले तापमान राखणाऱ्या नियंत्रकाशिवाय, यातले कोणतेही साधन वापरू नये. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, अंधारात उंदराची ऊब त्याला कळते. तरीही तापल्या काचेवर पोट भाजेपर्यंत पडून राहिलेले साप प्राणीवैद्यांना अनोळखी नाहीत. मॅट वापरताना थर्मोस्टॅटची संवेदक तार मॅटच्या बरोबर वर, काचेला टेकवून पक्की बसवावी. पेटीत अंथरलेल्या भुशाच्या थरावर ठेवल्यास ती भुशाचेच तापमान सांगते, आणि साप मात्र भुसा उकरून खालच्या तापलेल्या काचेवर जाऊन बसतो. सापाच्या धक्क्याने तार पाण्याच्या भांड्यात पडली तर आणखी वाईट: थर्मोस्टॅटला सगळे गार वाटते आणि हीटर पूर्ण जोराने चालू राहतो. म्हणून दोन्ही टोकांना स्वतंत्र तापमापक हवेत, आणि पृष्ठभाग तपासायला इन्फ्रारेड तापमापक. हॅलोजनला प्रकाश कमीजास्त करणारा थर्मोस्टॅट लागतो. साधा चालू-बंद प्रकार लावला तर दिवा सतत विझत-पेटत राहतो.

भारतात देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बेकायदा आहे. साप पाळायचाच तर विदेशी, आणि त्यातही बॉल पायथनसारख्या सायटिस करारातील (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील) जातींची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा प्रश्न उलटा होतो: हीटर बंद ठेवून खोलीच गार करावी लागते. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये; बंद काचेत तापमान काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतके वाढते. हिवाळ्यात वीज गेली तर पेटी जाड कांबळ्याने झाकावी, हवेला फट ठेवावी आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका टोकाला ठेवावी. वीज परत येऊन पेटी पुन्हा उबदार होईपर्यंत सापाला खायला देऊ नये.