एच-निर्देशांक
संशोधकाने किती लिहिले आणि ते इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ म्हणून घेतले, या दोहोंचा मेळ घालणारा आकडा. सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत याला सरसकट ‘एच-इंडेक्स’च म्हणतात आणि संदर्भाला ‘सायटेशन’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. त्याला लागणारी सामग्री मात्र जुनी आहे : कोणत्या निबंधाचा संदर्भ कोणी घेतला हे नोंदवणारी यूजीन गारफील्ड यांची विज्ञानातील संदर्भसूची १९६४ पासून निघत होती. आज हा आकडा स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या संशोधनलेखनाच्या संगणकीय सूचींवर आयता मिळतो. तिन्हींकडे तो वेगवेगळा निघतो, कारण प्रत्येकाच्या हिशेबात येणारे लेखन वेगळे.

मोजणी सोपी आहे. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे; ज्या शेवटच्या क्रमांकाच्या निबंधाला निदान तितकी सायटेशन असतील, तो क्रमांक म्हणजे निर्देशांक. समजा आकडे ४२, ३०, १२, ७, ५, ४ असे आहेत. पाचव्या निबंधाला पाच सायटेशन आहेत, सहाव्याला सहा नाहीत; म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाची ४२ वरून ४०० झाली तरी तो पाचच राहतो. एकदा चढलेला आकडा सहसा उतरत नाही, त्यामुळे वय झालेल्या प्राध्यापकाला तो आपोआप अनुकूल.

खरी अडचण विषय बदलला की येते. हिर्श यांच्याच निबंधात भौतिकशास्त्रातील एडवर्ड विटन यांचा निर्देशांक ११० होता आणि जीवविज्ञानातील सॉलोमन स्नायडर यांचा १९१. यावरून विटन उणे ठरत नाहीत. जीवविज्ञानात निबंध भराभर निघतात, लेखक अनेक असतात, संदर्भयादी लांबलचक असते. गणितात यादी आखूड आणि एकेका निबंधाला वर्षे जातात. म्हणजे एकाच स्टाफरूममधल्या रसायनाच्या आणि गणिताच्या प्राध्यापकांचे आकडे शेजारी मांडणे म्हणजे ऊस आणि द्राक्षे एकाच काट्यावर तोलणे.

मराठीतील लेखनाची दशा याहून वाईट. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातील कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापले. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला ते खंड चुकवता येत नाहीत. पण मराठी पुस्तकांच्या तळटिपा स्कोपसच्या हिशेबात जवळजवळ येतच नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर (जमिनीखालच्या कोठारांवर) कोणी मराठीत उत्तम लेख लिहिला, शेतकऱ्यांनी तो वाचून वापरला, तरी पदोन्नतीच्या फायलीत त्याला फारसे वजन नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ मध्ये आली, तेव्हा सगळ्यांची धावाधाव यादीतल्या नियतकालिकांकडे होती. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली.

नावांचा घोळ हा इकडचा खास प्रश्न. निबंधावर आडनाव आणि आद्याक्षरे छापतात, आणि ‘पाटील एस. एस.’ सांगली जिल्ह्यात शोधायला गेले तर गावागणिक सापडतील. गूगल स्कॉलर एकाच्या खात्यात दुसऱ्याचे निबंध सहज टाकतो. काही जण ते काढायची तसदी घेत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकेचे मात्र उलटे होते : तिचे लेखन दोन नावांत विभागून दोन्हीकडे आकडा लहान दिसतो. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक सुरू झाला. तो फुकट मिळतो. जुने निबंध मात्र बहुधा ज्याचे त्यानेच शोधून त्याला जोडावे लागतात.