सॅक्सोफोनवादन (सातारा–सांगली)

सातारा व सांगली जिल्ह्यांत लग्नाच्या वराती, गावजत्रा आणि गणेशविसर्जनाच्या मिरवणुका यांत बँडपथकांतून होणारे सॅक्सोफोन या सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्याचे वादन. अमेरिकेत विसाव्या शतकात जॅझ संगीत वाढले, त्यात हेच वाद्य अग्रभागी आले. दोन्हीकडे वाद्य एक, बोटांची ठेवणही एकच. परंतु जॅझमध्ये वादकाचे नाव वर्षागणिक वाढत जाते, तर इकडे ते पथकाच्या नावात विरून जाते. हा फरक वादकाच्या गुणवत्तेपेक्षा ऐकणाऱ्यांच्या व्यवस्थेतून आलेला आहे, म्हणून या नोंदीत दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या आहेत.

वाद्य

बेल्जियममधील दीनां येथे १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्सने हे वाद्य तयार केले आणि १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. मैदानात वाजणाऱ्या लष्करी बँडला लाकडी वाद्यांची चपळाई आणि पितळी वाद्यांचा दणका एकाच नळीतून मिळावा, ही त्यामागची कल्पना. अंग पितळेचे असूनही सॅक्सोफोन काष्ठवाद्यांच्या गटात मोडतो, कारण त्याचा नाद वेतासारख्या बोरूच्या पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या कंपनातून निघतो. भारतात तो ब्रिटिश पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडमधून आला. पुढे मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्ये बनू लागली आणि लग्नाच्या बँडला परवडेल असा माल देशभर मिळू लागला.

सनईशी त्याचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्हींची नळी तोंडाशी निमुळती व पुढे रुंदावत जाणारी. त्यामुळे फुंकर वाढवली की नेमके वरचे सप्तक मिळते आणि बोटे जवळजवळ तीच राहतात. क्लॅरिनेटची नळी सारख्याच रुंदीची असल्याने तिथे वरच्या भागात बोटांचा हिशोब बदलतो. सनईच्या घरातला मुलगा सॅक्सोफोनवर लवकर रुळतो तो यामुळे. अडते ते मींडेशी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याशी. सनईचे भोक बोटाने अर्धे झाकता येते. सॅक्सोफोनची भोके कळांना जोडलेल्या चामडी गाद्यांनी बंद होतात, तिथे अर्धे झाकण्याची सोय नाही. मग सूर ओढायचा तो जबड्याच्या आणि ओठाच्या दाबाने. वरातीतला सॅक्सोफोन थोडा रडवेला, लाटा घेत वाजतो, त्यात हौसेइतकाच या अडचणीचाही भाग असतो.

पट्टीचा प्रश्न

या भागात पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कोणता, हे सांगताना अजूनही पेटीच्या पट्ट्यांच्या क्रमांकांनी बोलतात : पांढरी चार, काळी पाच. आल्टो (मध्यम आकाराच्या) सॅक्सोफोनवर बोटांना सर्वांत सोपे सप्तक वाजवले, तर कानावर पडणारा सा असतो काळी दोनचा. त्याहून मोठ्या व खालच्या सुराच्या टेनरवर तोच काळी पाचचा. याचा परिणाम असा, की पेटीच्या पाचही काळ्या पट्ट्या आल्टोवर सोयीच्या पडतात आणि पांढरी दोन, पांढरी तीन किंवा पांढरी सहा निघाली की बोटांची कसरत सुरू होते. पेटीवाल्याचा अनुभव नेमका उलटा. योगायोग म्हणजे मराठी पुरुष गायक काळी एकला आणि स्त्रिया काळी चार-पाचला सर्रास गातात, त्यामुळे वरातीच्या गाड्यावरच्या गायकाशी आल्टोवाल्याचे सहसा भांडण होत नाही. जॅझमधील नेहमीच्या चालीही पुष्कळशा काळी दोन आणि काळी पाच याच सुरांवर बांधलेल्या आहेत. तिथेही फुंकणाऱ्यांची सोय आधी पाहिली गेली.

पट्टी ठरली तरी सूर जागेवर राहील याची हमी नसते. पौष-माघातल्या रात्री वरात पारावर थांबली, नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत अर्धा तास गेला, की पितळ गार पडते आणि वाद्य उतरते. अनुभवी वादक अशा वेळी तोंडाचा तुकडा (माउथपीस) बुचाच्या वेष्टनावर किंचित आत ढकलतो, त्याने सूर चढतो. आणि वाजवायचे नसले तरी नळीत नुसती गरम फुंकर मारत राहतो. वैशाखातल्या दुपारी हे सगळे उलटे करावे लागते. रीड तोंडात धरून ओली करणे, टोक जाड वाटले तर पात्याने तासणे, ऐन नाचाच्या गाण्यात ती चिरली तर दुसरी लावेपर्यंत क्लॅरिनेटवाल्याला डोळ्यांनी खुणावणे, हे या कामातले रोजचे प्रकार.

बँडमधील वाटचाल

सनई, डफ, हलगी वाजवण्याचे काम या भागात परंपरेने होलार, मातंग, गुरव या समाजांकडे होते. बँड आला तेव्हा वाजंत्र्यांच्या या घरांतूनच पुष्कळ वादक त्यात गेले. मुस्लिम वादकही पहिल्यापासून आहेत. गणवेश आला, टोपी आली, वाद्याला झळाळी आली, तरी ‘वाजंत्री’ म्हणून पाहण्याची नजर फारशी बदलली नाही. पंगतीला शेवटी बसवणे हा त्याच नजरेचा भाग. वादकाचे नाव विचारण्याची पद्धत नाही, याचे मूळही इथेच आहे.

पोरगा साधारणपणे झांज किंवा खुळखुळे घेऊन पथकात येतो, मग साइड ड्रम, मग क्लॅरिनेट, आणि फुप्फुसात दम दिसला तर सॅक्सोफोन. शिकवणारा तो मास्तर. चाली कानाने उचलल्या जातात. काहींच्या वहीत सरगम लिहिलेली असते. सातारा जिल्ह्याला सैन्यभरतीची मोठी परंपरा आहे (अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते). लष्कराच्या वादकांना मध्य प्रदेशातील पचमढी येथे पाश्चात्त्य स्वरलेखनाचे रीतसर शिक्षण मिळते. असा एखादा निवृत्त बँडवाला गावी परतला, तर कागदावरचे वाचून वाजवणारा म्हणून पथकात त्याचा शब्द चालतो.

हंगाम तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंत. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्ने एकत्र येतात. सुपारी पथकाच्या नावाने घेतली जाते, इसार मालकाकडे जमा होतो, वादकाला रोजंदारी मिळते. नाचणाऱ्यांनी ओवाळून दिलेल्या नोटा बहुधा एका ठिकाणी जमा करून वाटतात. चांगला सॅक्सोफोनवाला हंगामाच्या आधीच दुसऱ्या पथकाने उचलला, असे घडते. त्याची कीर्ती असते, पण ती मास्तरांमध्ये. वधूपित्याला ती ठाऊक नसते. पावसाळ्यात बहुतेक जण शेतमजुरी किंवा रंगकामाकडे वळतात, आणि ओल्या हवेत चामडी गाद्या फुगून वाद्य फुसफुसू लागते.

जॅझमधील वाटचाल

जॅझमध्ये चाल छोटी असते, पुष्कळदा बत्तीस किंवा बारा मात्राखंडांची. ती एकदा वाजवून झाली, की तिच्याच स्वरसंगतींच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, कॉर्डच्या) चक्रावर प्रत्येक वादक आळीपाळीने स्वतःचे काही रचतो. वादक तोच रचनाकार, ही सवय इथून लागते, आणि नावाची गरजही. कोण वाजवतो आहे हे कळल्याशिवाय त्या संगीताला अर्थच उरत नाही.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन (१९२६–६७) याची कारकीर्द या दृष्टीने उद्‍बोधक आहे. बरीच वर्षे इतरांच्या संचांत साथ केल्यावर १९५५ मध्ये तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात आला. व्यसनापायी १९५७ मध्ये तिथून निघावे लागले. त्याच वर्षी व्यसन सोडून पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये वाजवू लागला. १९६० मध्ये स्वतःचा चौकडीसंच, स्वतःच्या रचना, आणि चाळिसाव्या वर्षी मृत्यू. म्हणजे जगाला ठाऊक असलेला कोल्ट्रेन जेमतेम बारा वर्षांचा आहे. या काळातला जवळजवळ प्रत्येक टप्पा ध्वनिमुद्रित झाला, आणि मुद्रिकेच्या वेष्टनावर साथीदारांची नावे छापण्याची रीत होती. सातारच्या मास्तरकडे अशी एकही गोष्ट नव्हती. भारतीय संगीताविषयी कोल्ट्रेनला मोठे कुतूहल होते. १९६५ मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले.

सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सने १९५९ मध्ये, नाव झालेले असताना, कार्यक्रम थांबवले आणि दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला. शेजाऱ्यांना त्रास नको, हे त्याचे एक कारण. कृष्णाकाठच्या मळ्यात जाऊन सूर धरणाऱ्याला हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की रोलिन्स परत येण्याची वाट पाहणारे श्रोते, क्लब आणि नियतकालिके होती. ‘डाउनबीट’ हे अमेरिकी मासिक १९५३ पासून समीक्षकांचा कौल घेत आले आहे आणि उगवत्या वादकांसाठी त्यात वेगळा विभाग असतो. नाव वाढण्याची ही यंत्रणा आहे. प्रतिभा तिच्यातून दिसते, तिच्यामुळे निर्माण होत नाही.

मधले दुवे

मुंबईत १९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकी-अमेरिकी संच ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि गोव्याच्या वादकांनी ही शैली आत्मसात केली. त्यांतले अनेक पुढे चित्रपटसंगीतात गेले. घाटावर जॅझ पोहोचला तो असा, हिंदी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांतून, आणि जॅझ म्हणून कोणी तो ऐकला नाही. राहुलदेव बर्मन यांच्याकडील मनोहारी सिंह (१९३१–२०१०) यांचे सॅक्सोफोनचे तुकडे बँडवाल्यांना तोंडपाठ असत. मात्र तबकड्यांवर वादकांची नावे क्वचितच छापली जात, त्यामुळे ते कोणाचे हे बहुतेकांना माहीत नव्हते. सातारा जिल्ह्यातच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा, म्हणजे पुढचा रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी, १९५८ च्या सुमारास मित्रांसह पाश्चात्त्य गाणी वाजवत होता; निवासी शाळांच्या कुंपणाबाहेर त्याचा मागमूस उरला नाही.

वाद्याला मैफलीत बसवण्याचे काम शेजारच्या कर्नाटकात झाले. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, वाद्यात बदल करून घेतले आणि कर्नाटक संगीतातील गमके (सुरांची आंदोलने) त्यावर आणली. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरात नागस्वराची (सनईसारख्या दक्षिणी वाद्याची) परंपरा होती, ही गोष्ट इथल्या सनईवाल्यांसाठी विशेष महत्त्वाची. अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक व रचनाकार रुद्रेश महंतप्पा (जन्म १९७१) यांनी त्यांच्याबरोबर केलेली ध्वनिमुद्रिका २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने महंतप्पांचे नाव बरेच वर नेले.

सांगली जिल्ह्यातील मिरजेत सॅक्सोफोन असा मैफलीत का बसला नाही, असा प्रश्न पडतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे हे गाव. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. इथल्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकेक सूर सावकाश भरत नेण्याची किराणा घराण्याची रीत लांब फुंकरीच्या वाद्याला मानवणारी आहे. पण गायकीचा आणि तंतुवाद्यांचा वारसा एका वस्तीत, फुंकवाद्यांचा दुसऱ्या वस्तीत, आणि दोन्हींच्या बैठकी वेगळ्या राहिल्या. बिस्मिल्ला खाँ यांनी सनई मंचावर नेली तशी वाट इथे सॅक्सोफोनसाठी कोणी पाडली नाही.

सद्यःस्थिती

मिरजेतील विसर्जन मिरवणूक स्वागतकमानींखालून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही चालते. तिथे आणि एकूणच मिरवणुकांत ‘डॉल्बी’ आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या घटल्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर बंधने आहेत, शिवाय डॉल्बीमुक्त उत्सवाच्या मोहिमा निघतात. तेव्हा बँडला अधूनमधून पुन्हा मागणी येते. गाड्यावर कर्णे, कीबोर्ड आणि गायक आल्याने सॅक्सोफोनवाल्याकडे आता गाण्याआधीचा आलाप आणि मधले तुकडे एवढेच उरते. वरचे पुढचे दात तोंडाच्या तुकड्यावर टेकवावे लागतात, त्यामुळे दात हलू लागले की वादक ड्रमकडे किंवा मास्तरकीकडे वळतो. तरुण मुले मोबाइलवर वाजवणे निम्म्या गतीने लावून तुकडे बसवतात, आणि वराती चित्रित करून समाजमाध्यमांवर टाकताना काही जण पथकाच्या नावाखाली आता स्वतःचेही नाव लिहितात.