सोसायटीचा बायोगॅस आणि पंपावरचा सीबीजी

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "प्लांट टाकू, गॅस सिलिंडरमध्ये भरू आणि रिक्षावाल्यांना विकू." या एका वाक्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक बायोगॅस आणि दुसरा सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस. दोन्ही एकाच प्रकारच्या टाकीत जन्मतात, म्हणून घोटाळा होतो.

ओला कचरा हवाबंद टाकीत कुजला की निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड. हा झाला बायोगॅस. त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन किमान ९० टक्क्यांवर नेला, ओल आणि गंधक जवळजवळ संपवलं (आयएस १६०८७ या मानकानुसार गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही) आणि २०० ते २५० बार (म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तितक्याच पट) दाबाने भरला, की तो सीबीजी. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तो तसाच चालतो, पाइपातल्या गॅसमध्येही मिसळता येतो. कच्चा बायोगॅस यातलं काहीच करू शकत नाही. पीएनजीच्या, म्हणजे घरात पाइपने येणाऱ्या गॅसच्या, शेगडीवरही तो नीट पेटत नाही. त्याची उष्णता पीएनजीच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि टाकीतून येणारा दाब पाण्याच्या ८-१० सेंटिमीटर स्तंभाइतका, तर घरगुती पीएनजीचा जवळपास २१. त्यामुळे जेट, म्हणजे गॅस सुटायचं छिद्र, मोठं असलेली वेगळी शेगडी लागते.

आता हिशोब करू. दिवसाला १०० किलो ओला कचरा देणारी सोसायटी नियमांच्या भाषेत मोठी कचरा उत्पादक ठरते. एवढ्या कचऱ्यातून नीट चालणाऱ्या प्लांटमध्ये ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो. तो तसाच जाळला तर रोज सुमारे ४ किलो एलपीजी वाचतो, म्हणजे महिन्याला १४.२ किलोचे आठ-नऊ सिलिंडर. त्याचाच सीबीजी केला तर हातात येतो साडेतीन किलोच्या आसपास. रिक्षाची एक टाकीसुद्धा जेमतेम भरेल. आणि त्यासाठी शुद्धीकरणाची यंत्रणा, २५० बारचा कॉम्प्रेसर आणि पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा, म्हणजे 'पेसो'चा, परवाना. एका रिक्षासाठी एवढा खटाटोप कोणी करू नये.

"मग लाल सिलिंडरमध्येच भरू" हा पुढचा प्रश्न. एलपीजी थोड्या दाबाने द्रवरूप होतो, म्हणून ३३ लिटरच्या टाकीत १४ किलो मावतो. मिथेन साध्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्या सिलिंडरमध्ये ८ बार दाबाने बायोगॅस भरला तर मावेल जेमतेम पाव घनमीटरभर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम एलपीजीइतकी उष्णता. तेही ओला, गंधकयुक्त गॅस पोलाद आतून खात असताना. हा उद्योग बेकायदा आहेच, धोकादायकही आहे.

तेव्हा सोसायटीने बायोगॅसपुरतंच थांबावं. तेवढंही सोपं नाही, कारण खरं काम टाकीतल्या जिवाणूंना सांभाळण्याचं असतं. १०० किलो कचरा आणि तेवढंच पाणी, असे रोज २०० लिटर आत जातात. ते तिथे ३० ते ४० दिवस राहायला हवेत, म्हणून टाकी ६ ते ८ घनमीटरची, आणि गॅस साठवायला ४-५ घनमीटरची जागा वेगळी. सुरुवातीला तबेल्यातलं ताजं शेण पाण्यात कालवून टाकी भरतात आणि दोन-तीन आठवडे वाट पाहतात. टाकीत हवा उरलेली असते तोवर तिथे काडी ओढायची नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन हे मिश्रण स्फोटक असतं. त्यानंतर कचरा १० किलोपासून सुरू करून दर आठवड्याला तेवढाच वाढवायचा.

पहिल्याच आठवड्यात उत्साहाने १०० किलो ओतले की प्लांट आंबतो. आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन करणारे मंद. आम्ल साचतं, सामू (पीएच) ६.८ च्या खाली घसरतो, आणि बर्नरवर ज्योत फडफडून विझते, कारण आता येतोय तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. अशा वेळी कचरा पूर्ण बंद करून खायचा सोडा किंवा चुना थोडा थोडा घालतात, शेणाचं पाणी देतात आणि सामू ७ च्या वर येईपर्यंत थांबतात. लिंबू-मोसंबीच्या साली, तळणीचं तेल आणि मासळीचा कचरा बेतानेच टाकावा. सालींमधलं तेल जिवाणूंना मारतं, खाद्यतेलाने फेस होतो, मासळीतून अमोनिया वाढतो. आंब्याच्या कोयी, शहाळी, हाडं, अंड्याची टरफलं टाकीत नुसती तळाशी बसतात. ठाण्याच्या हवेचा एक फायदा मात्र आहे: वर्षभर उबदार असल्याने टाकीला वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. पावसाळ्यात पाइपात पाणी साचून गॅस अडतो, म्हणून पाइप उतारावर आणि सखल जागी पाणी काढायचा नळ हवा.

वाशी खाडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून आलेली 'निसर्गऋण' पद्धत याच दुखण्यावर काम करते. तिथे कचरा आधी गरम पाणी आणि हवा देऊन एका टाकीत थोडा पचवतात, मगच हवाबंद टाकीत सोडतात.

बहुतेक प्लांट मात्र दोन वेगळ्याच कारणांनी बंद पडतात. एक, गॅस वापरणारं कोणी नसतं. क्लब हाऊसचं किचन शंभर मीटर लांब, आणि दाब एवढा कमी की तिथवर पोचत नाही. मग झडप उघडून गॅस हवेत सोडतात, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा. वापर नसेल तर निदान जाळावा तरी. दुसरं, रोज २०० लिटर स्लरी, म्हणजे पचून उरलेला पातळ गाळ, बाहेर येते. बागेत तेवढी जिरत नाही, गटारात सोडली की शेजारच्या विंगची तक्रार येते. थोडी स्लरी पाण्याऐवजी पुन्हा वापरता येते, पण सगळी फिरवली तर क्षार आणि अमोनिया साचतात. आणि टाकीत उतरून सफाई करायची पाळी आली तर माणूस कधीच थेट उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास यायचाच बंद होतो.

देशाच्या ऊर्जाबदलात जो हिशोब होतो तो सीबीजीचा. २०१८ साली केंद्राने 'सतत' योजनेत ५,००० प्लांटचं लक्ष्य ठेवलं. पुढे गॅस कंपन्यांना सीएनजी-पीएनजीत सीबीजी मिसळण्याचं बंधन घातलं: २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५. देश निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू आयात करतो, म्हणून हे बंधन. सोसायटीच्या बर्नरवर जळलेला बायोगॅस या टक्केवारीत मोजला जात नाही. पण एलपीजीही मोठ्या प्रमाणात आयातीचाच, तेव्हा ती बचत काही खोटी नाही.

सीबीजीला कचरा लागतो टनांत. इंदूरच्या देवगुराडिया प्लांटची २०२२ साली सुरू झाली तेव्हाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे १७ टन गॅस. म्हणजे एका टन सीबीजीमागे तीसेक टन कचरा. आपल्याकडे तेवढा एकजिनसी माल शोधायचा तर वाशीचा एपीएमसी भाजीबाजार आधी आठवतो. सोसायट्यांचा कचराही अशा प्लांटला देता येतो, पण त्यात प्लास्टिकची पिशवी, वाळू किंवा डायपर गेला की पंप बसतात आणि गाडी परत येते. शिवाय कचरा उन्हात दोन दिवस पडला तर आंबून त्यातला काही गॅस हवेतच जातो. करार करताना किलोमागचा दर नंतर ठरवा. गाडी रोज, सकाळी किती वाजता येणार, हे आधी लिहून घ्या.