वीजकेंद्र निर्यात : सरकारी पाठबळ

परदेशातील वीजकेंद्रांची कंत्राटे देशी उत्पादकांना मिळावीत म्हणून सरकार कर्ज, विमा आणि हमी यांच्या रूपाने देते ती मदत. अशा टेंडरमध्ये बॉयलरच्या भावापेक्षा ‘पैसे कोण आणणार?’ हा प्रश्न बहुधा वरचढ ठरतो. चिनी, जपानी, कोरियन कंपन्यांमागे त्यांच्या निर्यात बँका उभ्या असतात. मागे कोणी नसलेल्या कंपनीने दर कितीही पाडला तरी तिचे पारडे हलकेच राहते.

भारतात पहिला टेकू विम्याचा आला. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरपाई देणारे महामंडळ (आजची ईसीजीसी) १९५७ मध्ये निघाले, तर निर्यातीसाठी कर्ज देणारी सरकारी एक्झिम बँक १९८२ मध्ये. मोठ्या आणि अधिक जोखमीच्या प्रकल्पांसाठी २००६ पासून राष्ट्रीय निर्यात विमा खाते आहे.

बॉयलर आणि पंप बनवणाऱ्या पुण्याच्या उद्योगांच्या दृष्टीने खरी कळीची गोष्ट म्हणजे ‘लाइन ऑफ क्रेडिट’. यात एक्झिम बँक परक्या सरकारला सवलतीचे कर्ज देते आणि सर्वसाधारणपणे किमान ७५ टक्के माल व सेवा भारतातून घेण्याची अट घालते. सुदानमधले कोस्ती औष्णिक केंद्र (५०० मेगावॉट) असेच भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीने उभारले. २०१५ मध्ये त्यात सवलतीच्या वित्तपुरवठ्याच्या योजनेची भर पडली. बांगलादेशातील रामपाल केंद्राला (१,३२० मेगावॉट) एक्झिम बँकेने १६० कोटी डॉलरचे कर्ज दिले ते तिच्याखाली. मुख्य कंत्राटदार इथेही भेलच.

पुण्याची कंपनी अख्खे सरकारी वीजकेंद्र उभारायला क्वचितच जाते. थरमॅक्सचा जोर कारखान्यांच्या बॉयलरांवर आणि त्यांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीवर, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांवर. मोठ्या बॉयलरांत उतरण्यासाठी थरमॅक्सने बॅबकॉक अँड विल्कॉक्स या अमेरिकी बॉयलर कंपनीशी भागीदारी करून शिरवळला वर्षाला ३,००० मेगावॉट क्षमतेचा कारखाना उभारला. २०१८ मध्ये भागीदाराचा हिस्साही स्वतःच घेतला. म्हणजे ७५ टक्क्यांच्या अटीचा लाभ इथे पोचतो तो मुख्य कंत्राटदाराच्या ऑर्डरमधून. भोसरीच्या शेडमध्ये डक्टचे (हवा आणि धूर वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचे) तुकडे वेल्ड होतात, इन्स्पेक्टर वेल्ड तपासून शिक्का मारतो, कीडमुक्त केल्याचा छाप असलेल्या लाकडी पेट्या भरल्या जातात आणि ट्रेलर न्हावाशेवाचा रस्ता धरतो. शेडच्या मालकाला कर्ज कोणत्या देशाला दिले ते ठाऊक असतेच असे नाही.

ही मदत हवी तशी वाढवता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार निर्यातीच्या अटीवर दिलेले थेट अनुदान निषिद्ध आहे, आणि २०१९ मध्ये तिथल्या तंटा-पॅनेलने भारताच्या काही निर्यात योजनांविरुद्ध निकाल दिला. म्हणून भर कर्जावर आणि विम्यावर. शिवाय चीनने २०२१ मध्ये परदेशात नवी कोळसा केंद्रे न बांधण्याचे जाहीर केले. श्रीमंत देशांच्या निर्यात कर्जांनीही त्याच वर्षी तसल्या केंद्रांतून अंग काढले. स्पर्धा त्यामुळे कमी झाली खरी, पण बाजारही आटला.

कर्जाचा हप्ता एक्झिम बँकेकडून मुख्य कंत्राटदाराकडे येतो. तिथून पुढे भोसरीपर्यंतच्या वाटेवर निर्यात योजनांचा फारसा उपयोग नाही. तिथे लहान उद्योगाच्या हाती असतो २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा, ज्यात माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे.