कोठे मोडायचे हे ठाऊक असलेली मोटार

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची मोटार घाटातल्या वळणावर घसरली आणि समोरून कठड्यावर आदळली. आतल्या चौघांनीही पट्टे लावलेले असल्यामुळे खरचटण्यापलीकडे कोणाला काही झाले नाही. चार दिवसांनी ती गाडी पाहायला मी त्यांच्याबरोबर डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गेलो. बॉनेट मधोमध दुमडून उभे राहिले होते, रेडिएटर मागे सरकून इंजिनाला चिकटला होता आणि बंपर कोपऱ्यात वेगळाच पडला होता. गृहस्थ हळहळत म्हणाले, ‘‘हल्लीचा पत्रा म्हणजे नुसता पापड. हीच मर्सिडीज असती, तर ओरखडासुद्धा उठला नसता.’’

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे कित्येक दिवस मनात होते. जी मोटार आदळल्यावरही जशीच्या तशी राहते ती सुरक्षित, हा समज मुळातच चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे हे पेटंटच्या भाषेत प्रथम मांडणारा अभियंता मर्सिडीज-बेंझ बनवणाऱ्या कंपनीतच काम करत होता.

मर्सिडीज म्हणजे दणकटपणा, ही कल्पना आपल्याकडे रुजण्याला कारण आहे. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि पुढची पंधरा वर्षे जमशेदपूरहून त्या तीन टोकांच्या ताऱ्याचे चिन्ह लावलेले ट्रक बाहेर पडत राहिले. आपल्या आजोबांच्या पिढीने ‘मर्सिडीज’ पाहिली ती ऊस, कांदा आणि सिमेंट वाहताना. आलिशान मोटारी बऱ्याच नंतर आल्या. १९९४ साली पुण्यात मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना झाली, प्रथम टेल्कोच्या आवारात आणि नंतर चाकणला मोटारींची जुळणी होऊ लागली. ट्रकच्या जाड चौकटीवरून मिळालेली कीर्ती आपण न तपासता मोटारीलाही लावून टाकली.

कंपनीचा आरंभीचा इतिहास पुष्कळांना माहीत असतो. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइम येथून तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन त्याच मोटारीची सुधारित आवृत्ती फोर्त्सहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, चालवत गेल्या आणि वाटेत वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतले. त्याच सुमारास श्टुटगार्टजवळ गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख स्वतंत्रपणे काम करत होते. डाइमलर कंपनीच्या मोटारी विकणाऱ्या एमिल येलिनेक यांच्या मुलीच्या नावावरून १९०१ मध्ये ‘मर्सिडीज’ हे नाव रूढ झाले आणि १९२६ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यानंतरचे काळे पानही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ही कंपनी नाझी राजवटीच्या युद्धयंत्रणेचा भाग होती आणि १९४४ साली तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतले बंदी होते.

सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला ते अभियंता बेला बारेनी १९३९ साली या कंपनीत दाखल झाले. व्हिएन्नाजवळ हिर्टेनबेर्ग येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या या माणसाच्या नावावर पुढे अडीच हजारांहून अधिक पेटंटे जमा झाली. त्यांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते २३ जानेवारी १९५१ रोजी अर्ज केलेले ८५४१५७ क्रमांकाचे जर्मन पेटंट. त्यात मोटारीचे तीन भाग कल्पिले होते. माणसे बसतात तो मधला भाग कणखर पेटीसारखा ठेवायचा, आणि पुढच्या व मागच्या भागांची ताकद टोकांकडे जाताना मुद्दाम कमी कमी करत न्यायची. आज याला आपण क्रंपल झोन म्हणतो. मी या लेखात ‘चुरगळ-पट्टा’ म्हणेन. सगळा मोटारउद्योग ‘अधिक मजबूत’ या एकाच दिशेने विचार करत असताना, मोटारीचे काही भाग जाणीवपूर्वक दुबळे करा असे सांगायला बौद्धिक धैर्य लागते.

आता या कल्पनेमागचे भौतिकशास्त्र पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. दीड टन वजनाच्या मोटारीजवळ या वेगाला सुमारे १४५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. आकडा भारदस्त वाटतो, पण एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी जेमतेम ३५ अंशांनी तापेल. म्हणजे तांब्याभर पाणी चांगले गरम होईल, इतकेच. माणसाचा जीव घेते ते या ऊर्जेचे प्रमाण नव्हे, तर ती किती थोड्या अंतरात खर्च करावी लागते ही गोष्ट. शाळेत शिकलेले सूत्र आठवा: कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. ऊर्जा ठरलेली आहे, तेव्हा थांबण्याचे अंतर जितके वाढवाल तितके बल कमी होईल. कडब्याच्या गंजीवर उडी मारणारे पोर हसत उठते आणि तेवढ्याच उंचीवरून फरशीवर पडले तर पाय मोडून घेते, ते याच कारणाने.

समजा, मोटारीचे नाक अतिशय कडक आहे आणि भिंतीवर आदळल्यावर ते अवघे १० सेंटिमीटर दबते. मग सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ९८ पट येईल. तेच नाक ६० सेंटिमीटर दबू दिले, तर हा आकडा १६ पटींवर येतो. पट्ट्याने बांधलेला ७० किलोचा माणूस तेव्हा एका निमिषापुरते सुमारे ११०० किलोंचे ओझे सोसतो. हे सुखाचे नसले तरी सोसण्यासारखे आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ साली रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला घट्ट बांधून घेऊन ४६ पटींहून अधिक मंदन सोसले होते आणि ते जिवंत राहिले.

पण नाक नुसते मऊ करून भागत नाही. ते फारच मऊ असेल, तर ऊर्जा संपण्याआधीच अंतर संपेल आणि धक्का थेट माणसांच्या पेटीला बसेल. आपल्या उदाहरणात ६० सेंटिमीटरभर साधारण २४ टन वजनाइतके बल सतत मिळत राहिले पाहिजे, शक्यतो एकसारखे. हे काम मुख्यतः बंपरपासून मागे, मोटारीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या दोन पोकळ, चौकोनी छेदाच्या पोलादी तुळया करतात. शीतपेयाचा रिकामा कॅन उभा ठेवून त्यावर सरळ पाय दिला, तर तो वळ्या पडत खाली बसतो. तुळयांचे हेच व्हायला हवे. त्या हार्मोनियमच्या भात्यासारख्या घडीवर घडी घालत आखडल्या पाहिजेत. मधेच काटकन वाकल्या, तर वाकलेल्या सांध्यापुरतीच ऊर्जा शोषली जाते आणि उरलेले पोलाद फुकट जाते.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला असा की, सरळ तुळईची पहिली घडी पडायला लागणारे बल नंतरच्या घड्यांच्या बलापेक्षा पुष्कळ जास्त असते. पहिल्याच क्षणी हा जादा तडाखा माणसांपर्यंत पोचू नये, म्हणून तुळईच्या टोकाशी मुद्दाम खाचा किंवा दाबलेल्या रेघा ठेवतात. घडी कोठून सुरू व्हायची हे त्या खाचा ठरवतात आणि तिथून ती क्रमाने मागे सरकत जाते. दुसरा बारकावा जाडीचा. अशा चौकोनी तुळईला घड्या घालायला लागणारे सरासरी बल पत्र्याच्या जाडीच्या पाच-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते; जाडी दुप्पट केली, की बल तिपटीहून अधिक होते. म्हणूनच ‘पत्रा जरा जाड ठेवला असता तर काय बिघडले असते’ या प्रश्नाचे उत्तर ‘पुष्कळ बिघडले असते’ असे आहे. जाड पोलाद हवे, पण ते माणसांच्या पेटीभोवती: दारांच्या खांबांत, छताच्या कडांत आणि पायांपुढच्या पडद्यात. आजच्या मोटारींमध्ये तेथे तापवून साच्यात दाबलेले आणि तिथेच थंड करून कठीण केलेले पोलाद वापरतात, ज्याची ताकद साध्या पत्र्याच्या कित्येक पट असते.

बारेनींची कल्पना संपूर्ण रूपात रस्त्यावर आली ती १९५९ साली, मागे माशाच्या परांसारखे उभे पंख असलेल्या मर्सिडीजमधून. त्याच वर्षी १० सप्टेंबरला झिंडेलफिंगेन येथे कंपनीने पहिली धडक-चाचणी घेतली आणि १९६२ पासून चाचणीच्या मोटारींना वेग देण्यासाठी तापवलेल्या पाण्याच्या वाफेवर चालणारे रॉकेट वापरायला सुरुवात केली. १९६९ पासून कंपनीची माणसे खऱ्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमापे घेऊ लागली. तेव्हा आढळले की, प्रत्यक्षात समोरासमोरच्या पुष्कळशा धडकांत नाकाचा केवळ एक भाग सापडतो, दोन तुळयांपैकी एकीवरच सगळा भार येतो. म्हणून १९७९ साली कंपनीच्या ‘एस-क्लास’ या आलिशान मालिकेतल्या नव्या मोटारीत तुळयांना मागे फाटे काढून तो भार विभागण्यात आला. ब्रेकवर चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये आणि चालकाची एअरबॅग १९८० च्या अखेरीस याच मालिकेत आली. या कंपनीची खरी कीर्ती मला या शांत, चिवट मोजमापांत दिसते.

जुन्या जाड पत्र्याची परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटरने अर्धवट समोरासमोर आदळवल्या. जुन्या मोटारीत चालकाची जागाच कोलमडली आणि तिथे माणसाऐवजी बसवलेला चाचणीचा पुतळा ‘जगला नसता’ असा निष्कर्ष निघाला. नव्या मोटारीतल्या पुतळ्याला पायाच्या किरकोळ दुखापतीइतकेच मोजमाप मिळाले.

जड मोटारीच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. दोन टनांची आणि एक टनाची मोटार प्रत्येकी ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर भिडून एकमेकींत अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने जड मोटारीच्या वेगात ताशी ३३ किलोमीटरचा आणि हलक्या मोटारीच्या वेगात ताशी ६७ किलोमीटरचा बदल होतो. जड मोटारीला फायदा मिळतो, पण तो समोरच्याच्या जिवावर मिळतो. भिंत, झाड किंवा पुलाचा कठडा समोर असेल, तर हा फायदाही उरत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला, तर पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, हे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्या दिवसांत ‘मर्सिडीज असूनही?’ हा एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येत होता. चुरगळ-पट्टा मोटारीला थांबायला अंतर मिळवून देतो, आणि ते अंतर माणसापर्यंत पोचवणारा एकमेव दुवा म्हणजे सीटबेल्ट. ताशी ५० किलोमीटरला, आपल्या उदाहरणात, मोटार सुमारे ८६ सहस्रांश सेकंदात थांबते. पट्टा नसलेला माणूस तोवर मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि मग समोरच्या आसनावर पाचेक सेंटिमीटरांत थांबतो. त्याच्यासाठी मंदन जवळजवळ २०० पट होते. तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका हा वेग आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा झाला, तरी मागे बसल्यावर पट्टा शोधणारी माणसे मला अजून क्वचितच भेटतात.

नवी मोटार घेतल्यावर तिची पूजा करावी, याला माझी हरकत नाही. तो आनंदाचा क्षण असतो. पण बंपरला लिंबू-मिरची टांगून पट्ट्याच्या कुलपात खोटी क्लिप अडकवायची, म्हणजे गजर वाजायला नको, हा प्रकार मला असह्य होतो. तीच गोष्ट पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डची. तो तुळयांना ठरल्या जागी घडी घालू देत नाही, एअरबॅगच्या संवेदकांना फसवू शकतो आणि पादचाऱ्याला अधिक जखमी करतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे.

ताऱ्याच्या चिन्हावर अंधविश्वास ठेवण्याचेही कारण नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या पत्रकारांनी अचानक आडव्या आलेल्या अडथळ्याला वळसा घालण्याच्या चाचणीत नवी कोरी ए-क्लास उलटवली आणि कंपनीला मोटारींचे वितरण थांबवून त्यांत घसरण रोखणारी ईएसपी यंत्रणा बसवावी लागली. २०२० मध्ये डिझेल मोटारींच्या धुराच्या प्रकरणात अमेरिकी सरकारशी तडजोड करताना कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलर देणे कबूल केले. चिन्ह तेच, अभियंते तेच. प्रत्येक मोटार मात्र दर वेळी नव्याने तपासावी लागते.

गॅरेजमध्ये त्या दिवशी कारागिराने बॉनेट बाजूला केले, तेव्हा मी वाकून डावीकडची तुळई पाहिली. टोकापासून वीतभर अंतरात तीन घड्या एकावर एक बसल्या होत्या, कागदाच्या पंख्यासारख्या, आणि त्यांच्या मागचा भाग सरळ होता. पुढच्या काचेला तडासुद्धा नव्हता. गृहस्थांना मी चालकाचे दार उघडायला सांगितले. ते नेहमीसारखे, एका बोटाने उघडले. मग ते कारागिराला म्हणाले की, खर्च वाचत असेल तर ही तुळई तापवून, ठोकून सरळ करा. कारागिराने मान हलवली. एकदा दुमडलेले पोलाद दुसऱ्यांदा तसे दुमडत नाही, असे सांगून त्याने नव्या तुळईची ऑर्डर वहीत लिहून घेतली.