जंतांना औषधाची ‘सवय’ होत नाही

महू रस्त्यावर माझ्या मामेभावाच्या चाळीसेक शेळ्या आहेत. या पावसाळ्यात त्याची तीन करडं गेली. उरलेल्यांपैकी एकीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज होती. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. औषध दोनदा पाजून झालं होतं. ‘‘जंतांना सवय झाली त्याची,’’ दादा म्हणाला. नजर लागली म्हणून काळे दोरेही बांधले होते, आणि त्यात उपचाराचा आठवडा गेला. दोऱ्यानं रक्त भरून येत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

पण ‘सवय’ हा शब्दही तितकाच चुकीचा आहे. हा जंत हिमोंकस कॉन्टॉर्टस. शेळीच्या चौथ्या पोटात राहून एकेक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो. हजार जंत म्हणजे रोजचं 50 मिली. मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. इतक्या पिलावळीत डीएनएची नक्कल करताना कुठे ना कुठे चूक होणारच.

ती एक चूक पाहण्यासारखी आहे. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. मग पेशीतल्या सूक्ष्म नळ्या बांधल्या जात नाहीत, आतड्याच्या पेशी अन्न शोषू शकत नाहीत आणि जंत उपाशी मरतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; या साखळीतलं 200 वं अमिनो आम्ल फिनाइलअॅलनिन असतं. जनुकात त्यासाठीच्या तीन अक्षरांच्या संकेतात ‘टीटीसी’ऐवजी ‘टीएसी’ झालं की तिथे टायरोसिन येतं. दोघांत फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा! पण तेवढ्यानं औषधाची पकड सुटते. थायाबेंडाझोल हे या गटातलं पहिलं औषध 1961 मध्ये आलं आणि 1964 मध्येच त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली.

जंताला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असेल तर पूर्ण डोसात तो बहुधा मरतो. दोन्ही बदललेल्या असतील तर वाचतो. डोस कमी पडला की एका प्रतीवालेही तगतात, आपसांत जुळतात आणि त्यांच्या पिलांपैकी चौथा हिस्सा दोन्ही बदललेल्या प्रती घेऊन जन्मतो. दादा अंदाजानं, बाटलीच्या झाकणानं औषध पाजत होता. त्यात शेळीचं शरीर मेंढीपेक्षा लवकर औषध बाहेर टाकतं, म्हणजे मेंढीचा डोस तिला अपुराच.

‘‘मग सगळ्यांना दुप्पट पाजू?’’ त्यानं विचारलं. नाही. सगळा कळप एकदम धुऊन काढला की मागे उरतात ते फक्त वाचलेले जंत, आणि पुढची पिढी त्यांचीच. लाल पापणीच्या धडधाकट शेळ्यांना औषध न देता सोडलं, तर त्यांच्या पोटातले साधे जंत त्या पिढीत मिसळत राहतात. ‘शंभर टक्के जंतमुक्ती’ची जाहिरात मला म्हणूनच धोक्याची वाटते.

आता दादानं टांगता वजनकाटा आणला आहे. फिकट पापणीच्या नऊ शेळ्या तोलून, पशुवैद्यांनी लिहून दिलेला डोस पाजला. त्याआधी लेंड्या तपासायला दिल्या होत्या, चौदा दिवसांनी पुन्हा द्यायच्या आहेत. अंड्यांची संख्या 95 टक्क्यांनी तरी घटली नाही, तर या गटाचं औषध त्याच्या गोठ्यात संपलं म्हणायचं.